तीन दिवस फक्त घरच्या स्मूदी : हा आराखडा चालेल का?

मनवा

दिवाळीचा फराळ संपला की तीन दिवस फक्त घरी केलेल्या स्मूदी घ्यायचा विचार आहे. वय 36, वजन 64 किलो, काम बैठं. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी असते, बाकी औषध नाही. तयार बाटल्या नकोत, सगळं घरच्या मिक्सरवरच करायचं आहे. नेटवरचे दोन-तीन तक्ते एकत्र करून असा क्रम लावलाय:

सकाळी 8 – कच्चा पालक 100 ग्रॅम, एक केळं, एक सफरचंद, लिंबू, पाणी
11 वाजता – एक बीट, एक गाजर, एक संत्रं
दुपारी 2 – दुधी 200 ग्रॅम, एक काकडी, पुदिना, आलं
संध्याकाळी 5 – पपई 200 ग्रॅम, दहा बदामांचं दूध, चमचाभर जवस
रात्री 8 – पुन्हा पालक 100 ग्रॅम, अर्धं सफरचंद, काकडी

मीठ, चहा-कॉफी, दूध-दही आणि धान्य पूर्ण बंद.

यातून पोषण पुरेसं मिळेल का? पाचही ग्लास सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? आमच्या 500 वॅटच्या मिक्सरमध्ये पालकाचे दोरे राहतात, त्यावर उपाय काय? आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय असं सगळीकडे लिहिलंय. ते सहन करायचं का?

रानमेवा

मनवाताई, आधी हिशोब करू. पाचही ग्लासांची बेरीज साधारण 650 ते 700 कॅलरी होते आणि प्रथिनं जेमतेम 20 ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे 1660 कॅलरी लागतात आणि वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं. 64 किलोला ती 53 ग्रॅम होतात. म्हणजे उष्मांक निम्म्याहून कमी आणि प्रथिनं तर 40 टक्क्यांच्याही खाली. दुपारचा दुधी-काकडीचा ग्लास पोट भरल्यासारखा वाटतो, पण त्यात 60 कॅलरीसुद्धा धड नाहीत. त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात बसायचं म्हणजे चिडचिड आणि हातापायांना कंप ठरलेला.

वजनकाट्यावर तीन दिवसांत दीड-दोन किलो उतरलेले दिसतील. त्यात चरबी फार थोडी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरलं जातं आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत धरून ठेवलेलं सुमारे 3 ग्रॅम पाणीही जातं. मीठ बंद केल्याने आणखी पाणी जातं, शिवाय आतडी रिकामी होतात. चौथ्या दिवशी वरण-भात खाल्ला की यातलं बहुतेक परत येतं. फराळाचं वजन उतरलं असं समजून फसू नका.

डोकेदुखीचं कारण वेगळंच आहे. रोज दोन-तीन कप चहा घेणाऱ्याने तो एकदम सोडला की 12 ते 24 तासांत डोकं धरतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. त्यात मीठ नाही आणि पोटात अन्न कमी, म्हणून रक्तदाबही उतरतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे. यकृत आणि मूत्रपिंडं आपलं काम रोज करतातच, त्यासाठी त्यांना उपाशी ठेवावं लागत नाही. चहा सोडायचा असेल तर आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी अर्धा कप कमी करत या. नाहीतर या तीन दिवसांत सकाळचा एक कप चालू ठेवा, काही बिघडत नाही. डोकं दुखलं तर सहन करू नका. चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या, काहीतरी खा. तरीही थांबलं नाही तर उपक्रम तिथेच सोडा.

दही बंद करण्यामागचं कारण कळलं नाही. फराळानंतर पोटाला दही-ताकच सगळ्यात सोसतं.

प्राजक्त

रानमेवा यांना अनुमोदन. मला त्याहून जास्त काळजी पालक आणि दुधीची वाटतेय, म्हणून सविस्तर लिहितो.

पालक: 100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 600 ते 900 मिलिग्रॅम ऑक्झॅलेट (मूतखडे करणारं द्रव्य) असतं. तुमच्या तक्त्यात पालक दोन वेळा आहे, वर बीट आणि बदाम. हे तिन्ही ऑक्झॅलेटचे मोठे साठे. दिवसभरात दीड ग्रॅमच्या आसपास ऑक्झॅलेट पोटात जाईल. जेवणातून एरवी जातं ते बहुतेकांचं 200-300 मिलिग्रॅमच्या आत असतं. पालकाची भाजी खाताना एवढा पालक एका माणसाच्या वाट्याला येत नाही. मिक्सरमध्ये मात्र अख्खी जुडी दोन घोटांत बसते, खरी अडचण तिथे आहे.

आता यात दह्याचा संबंध बघा. जेवणात कॅल्शियम असलं की ते आतड्यातच ऑक्झॅलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसलं की ऑक्झॅलेट मोकळं रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडताना तिथे कॅल्शियमशी जुळून खडे करतं. घरच्या बदामदुधात कॅल्शियम नावापुरतंच असतं. म्हणजे पालक, बीट, बदाम एकत्र आणि दही-दूध वर्ज्य, ही या बाबतीतली सगळ्यात वाईट जोडी झाली. 2018 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशा हिरव्या स्मूदीच्या ‘क्लीन्स’नंतर 65 वर्षांच्या बाईंची मूत्रपिंडं कायमची निकामी झाल्याची नोंद आली होती. त्यांची पूर्वी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच बराच काळ अँटिबायोटिक्स घेतलेली होती. दोन्हींमुळे ऑक्झॅलेट जास्त शोषलं जातं. निरोगी माणसाला तीन दिवसांत असं होईल असं मी म्हणत नाही. पण ज्यांना पूर्वी मूतखडा झालाय, घरात खड्यांचा इतिहास आहे, आतड्याचा आजार आहे किंवा नुकताच अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झालाय त्यांनी कच्च्या पालकाच्या स्मूदीच्या वाटेला जाऊच नये.

पालक हवाच असेल तर एका वेळी 40-50 ग्रॅम, तोही दिवसातून एकदाच. भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका, निथळा आणि ते पाणी फेकून द्या. विरघळणारं ऑक्झॅलेट त्या पाण्यात उतरतं, म्हणून ‘जीवनसत्त्वं वाया जातात’ म्हणत तेच पाणी स्मूदीत वापरायचं नाही. माठ आणि चुका हे पालकाचेच भाऊबंद आहेत, तेही कच्चे नकोत. हिरवा रंग हवा तर सॅलडची पानं, कोवळा कोबी, थोडी कोथिंबीर घ्या.

दुधी: यात हयगय नको. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. रस प्याल्यावर थोड्याच वेळात मळमळ, जुलाब, उलट्या सुरू होतात, उलटीतून रक्त पडतं आणि रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा नाही, रुग्णालयात सलाइन आणि औषधांनी सांभाळावं लागतं. 2010 मध्ये दिल्लीत असा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने सूचना दिल्या. कापल्यावर छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. शेवटची सूचना नीट वाचा. तुमच्या तक्त्यात दुधीबरोबर पुदिना आणि आलं आहे. त्या तिखटपणात कडू चव दबते आणि धोक्याची एकमेव खूण नाहीशी होते. शिजवूनही हे द्रव्य जात नाही. देठाकडचा, मधला आणि खालचा असे तीन पातळ काप वेगवेगळे चाखून थुंका. माझं स्पष्ट मत, स्मूदीत दुधी घालूच नका. त्याने पोषणात काही भर पडत नाही. काकडी त्याच कुळातली, तिचंही तोंड घासण्यावर विसंबू नका, प्रत्येक काकडी चाखा.

जातं-उखळ

मिक्सरच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

दोरे राहतात कारण पानं भरपूर पाण्यात टाकली जातात. पाणी जास्त असलं की पान पात्याभोवती नुसतं गरगर फिरतं, कापलं जात नाही. चटणी वाटतो तसं करा. देठं काढा, पानं आडवी बारीक चिरा आणि चटणीच्या लहान भांड्यात तीन-चार चमचेच पाणी किंवा दही घालून 40 सेकंद वाटा. कडेला चिकटलेलं खाली ओढा, परत 20 सेकंद. गुळगुळीत पेस्ट झाली की ती ज्यूसच्या मोठ्या भांड्यात घ्या आणि मग फळं, उरलेलं दही-पाणी घालून अर्धा मिनिट फिरवा. दोन भांडी धुवावी लागतात खरी, पण 500 वॅटमध्येही एक दोरा राहत नाही.

मोठं भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. आत भोवरा तयार झाला की वरच्या कडेने गळतं आणि पाणी खाली मोटरीत उतरतं. अख्खे बर्फाचे खडे या पात्यांना झेपत नाहीत. रुमालात गुंडाळून लाटण्याने फोडा किंवा बर्फाऐवजी केळ्याच्या चकत्याच गोठवून ठेवा, दाटपणाही येतो. सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका. मधेच बंद पडला तर जळला म्हणून घाबरू नका. बटण शून्यावर आणून पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, मग तळाशी असलेलं लाल बटण दाबा. बहुतेक मिक्सरना ते असतं.

जवस कधीही ओला घालू नका. तो बुळबुळीत होऊन पात्याखालून निसटतो आणि अख्ख्या दाण्यातलं तेल-प्रथिनं न पचता बाहेर पडतात. कोरडाच मंद भाजा, दोन-तीन दाणे तडतडले की गॅस बंद. गार झाल्यावर लहान भांड्यात थांबून थांबून पूड करा. सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. सब्जा मात्र पूर्ण भिजवूनच, चमचाभराला अर्धी वाटी पाणी, 15 मिनिटं. कोरडा सब्जा घशात फुगला तर जिवावर बेततं.

आणि गाळू नका. गाळलं की चोथा, म्हणजे फळातला सगळ्यात कामाचा भाग, कचऱ्यात जातो आणि ग्लासात साखरेचं पाणी उरतं. अपवाद पेरूचा: बिया दळल्या तर रवाळ लागतं, म्हणून दोन-तीन झटके देऊन गर मोकळा करा आणि फक्त बिया गाळा. सीताफळाच्या बिया हाताने एकेक काढायच्या, एकही पात्याखाली जाता कामा नये, त्या विषारी असतात.

साठवण: पाचही ग्लास सकाळी करणं नको. सफरचंद आणि केळं तासाभरात काळवंडतात. लिंबाने ते लांबतं, थांबत नाही. पपई, अननस, किवी यांच्यात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. दूध-दह्यात मिसळून ठेवलं तर अर्ध्या-पाऊण तासात कडू होतं. नासलेलं नसतं, पण पिववत नाही. ही फळं दह्यात घातली तर लगेच संपवा. अननसाच्या फोडी पाच मिनिटं वाफवून गार केल्या तर कडू होत नाही.

वेळ वाचवायचा असेल तर वाटलेलं नव्हे, चिरलेलं साठवा. तीन डब्यांत तीन दिवसांची फळं चिरून फ्रीझरला, जवसाची पूड वेगळ्या बरणीत, दही आयत्या वेळी. वाटलेली स्मूदी ठेवायचीच झाली तर बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, फ्रिजच्या दारात नव्हे तर मागच्या बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. ऑफिसला नेताना बर्फाची पिशवी सोबत हवी. नुसत्या टेबलावर दोन तासांहून जास्त राहिली तर फेकून द्या, कच्च्या पालेभाजीत माती आणि जंतू दोन्ही असतात. मिठाच्या पाण्यात बुडवून ते मरत नाहीत, वाहत्या नळाखाली पान न् पान चोळून धुवायला हवं.

मनवा

खूप आभार. दुधी आणि कच्चा पालक रद्द. दही परत. आता दोन शंका. थायरॉइडच्या गोळीनंतर दह्याची स्मूदी किती वेळाने घ्यायची? आणि घरात अहोंनाही सोबत करायचंय. वय 44, मधुमेहाची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन सुरू आहे. त्यांना चालेल का? शिवाय कोणीतरी अख्खा सुधारलेला तक्ता दिलात तर बरं होईल.

प्राजक्त

गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. त्यानंतर किमान एक तास काही नाही. कॅल्शियम आणि चोथा दोन्ही तिचं शोषण कमी करतात, म्हणून सकाळचा पहिला ग्लास जड दह्याचा असेल तर दीड तास धरा. सहा-साडेसहाला गोळी, आठला स्मूदी हे बसतं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर त्या चार तास लांब ठेवा.

अहोंना नको. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. जेवण अर्ध्यावर आणून गोळी तशीच चालू ठेवली तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धीही. स्वतःहून गोळी बंद करणं हाही मार्ग नाही, कारण केळं-चिकूची स्मूदी साखर चढवते. इन्सुलिन, ग्लिक्लाझाइड यांचंही तसंच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांना उपाशी राहिल्यावर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, ते तर ओळखूही येत नाही.

टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर एखादं केळं चालतं, पण रोज केळी, शहाळं, पालक, संत्र्याचा मारा आणि मूत्रपिंडं थोडी कमकुवत असली तर पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते. मधुमेह असलेल्यांना मूत्रपिंडाची कमजोरी अनेकदा तपासल्याशिवाय कळत नाही. क्रिएटिनिनची तपासणी अलीकडे झालीय का ते बघा. त्यांनी नेहमीचं जेवण घ्यावं आणि संध्याकाळच्या फरसाणाऐवजी मसाला ताक. तेवढं डॉक्टरांना न विचारताही करता येईल.

इतर वाचकांसाठी: वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवू नये, के जीवनसत्त्वामुळे रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम कमी होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, 18 वर्षांखालची मुलं, पित्ताशयात खडे असलेले आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेले, यांनी असले उपक्रम करू नयेत.

रानमेवा

हा घ्या तक्ता, मनवाताई. यात एक चावून खाण्याचं जेवण मुद्दाम ठेवलंय. प्यायलेल्या अन्नाने पोट लवकर भरत नाही आणि भरलं तरी टिकत नाही, म्हणून पाचच्या पाच ग्लास हा प्रकार दुसऱ्या संध्याकाळी मोडतो आणि चिवड्याचा डबा उघडला जातो.

सकाळी 8: ताजं दही 200 ग्रॅम, लहान केळं, अर्धं सफरचंद सालीसकट, पंढरपुरी डाळं 20 ग्रॅम (दोन मोठे चमचे, आधी कोरडी पूड करून), जवसाची पूड एक मोठा चमचा, पाणी 100 मिली. साधारण 350 कॅलरी, प्रथिनं 14 ग्रॅम. डाळ्याने दाटपणा छान येतो आणि बाजारातल्या प्रोटीन पावडरीची गरज उरत नाही. मध-गूळ काही नको, केळं पिकलेलं घ्या.

दुपारी 1: मध्यम भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, चमचाभर तेलाची फोडणी. 450 ते 500 कॅलरी, प्रथिनं 16 ग्रॅम. तेल पूर्ण बंद करू नका.

संध्याकाळी 5: 300 मिली ताक, भाजलेलं जिरं, पुदिना, मीठ, सोबत मूठभर म्हणजे 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. 230 कॅलरी, प्रथिनं 10 ग्रॅम.

रात्री 8: मऊ शिजवलेली मूगडाळ (कोरडी 30 ग्रॅम) पूर्ण गार करून, चक्का 100 ग्रॅम, चाखलेली काकडी, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, लिंबू, मीठ, लागेल तसं पाणी. 240 कॅलरी, प्रथिनं 15-16 ग्रॅम. डाळ गरम असताना दह्यात घातली तर दही फाटतं आणि झाकणबंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडतं, तेव्हा गार म्हणजे खरोखर गार. थंडीत गार नको वाटलं तर डाळ-आलं-कोथिंबीर गरम सारासारखी प्या आणि चक्का वेगळा खा.

बेरीज 1300 कॅलरीच्या आसपास, प्रथिनं 55 ग्रॅम. शिवाय दोन-अडीच लिटर पाणी. हे तीन दिवस काय, दोन आठवडे चाललं तरी धोका नाही, आणि वजन उतरेल ते हळू पण खरं उतरेल.

एवढा चोथा एरवी जेवणात नसेल तर पहिल्या दिवशी जवस अर्धा चमचाच घ्या आणि उसळ अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी पूर्ण. एकदम वाढवला की पोट फुगतं, गुबारा धरतो. चोथा वाढवून पाणी वाढवलं नाही तर उलट बद्धकोष्ठ होतं. ग्लास गटागट न पिता 15-20 मिनिटं चमच्याने खात बसा.

जातं-उखळ

रात्रीच्या स्मूदीसाठी एक सूचना. चक्का शेवटी घाला आणि फक्त दोन-तीन झटके द्या. जास्त फिरवलं तर लोणी सुटायला लागतं, विशेषतः म्हशीच्या दुधाच्या चक्क्याचं. डाळ, काकडी, आलं आधी एकजीव करून घ्या. आणि मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग रोज काढून धुवा. फळांचा गर तिच्याखाली बसून दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि दही नासलं असं वाटून चांगला ग्लास फेकला जातो.